आधी गाडी, मग ट्रेलर



लेक नाहीतर मुलगा अमेरिकेत आहे, असं एखादं तरी घर आता आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत असतंच. आपण तिकडे जातो ते भाजणी-मेतकुटाचे डबे घेऊन. मग मुलं आपल्याला फिरवतात. हॉटेलात उतरायचे, पाव खायचा, नायगाराचा फोटो काढायचा आणि परतायचे. मीही दोन खेपांना तसंच केलं. तिसऱ्या खेपेला, म्हणजे २०२३ साली, लेक-जावयांनी आमच्यासाठी वेगळाच बेत केला होता. त्या बेतात मी काय घोटाळा केला आणि त्यातून काय शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

लेक राहते कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला. शहर दिसते सपाट, पण ते आहे समुद्रसपाटीपासून सुमारे १,६१० मीटर उंचीवर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे ही माणसे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर शाळा-बाजार थाटून बसली आहेत! पहिले चार दिवस जिना चढला तरी मला धाप लागे. पश्चिमेला पाहावे तर रॉकी पर्वताची रांग, आणि मे महिन्यातही तिच्या डोक्यावर बर्फ.

आम्ही पोचलो तेव्हा घराशेजारी एक पांढरा ट्रेलर उभा होता. बावीस फूट लांब, दोन्ही बाजूंना खिडक्या, मागच्या टोकाला दार. जावई म्हणाले, “आई, हे तुमचं चाकांवरचं घर. जुना आहे, पण चांगला आहे. आता हॉटेल नको आणि पावही नको.”

आत गेले आणि खरं सांगते, हरखूनच गेले. पुढच्या बाजूला पलंग, मध्ये जेवायचे टेबल (तेच रात्री मोडून बिछाना होतो), छोटीशी न्हाणी, संडास आणि अगदी मागे चक्क स्वयंपाकघर! तीन शेगड्या, फ्रीज, बेसिन आणि ओट्याखाली कपाटेच कपाटे. आमच्या हातात गुडघेदुखीची औषधे, आणि इथे रात्री-अपरात्री उठून अंधारात कुठे जायला नको. मी मनात म्हटलं, जावई असावा तर असा.

“ओढते की!”

ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. तो गाडीमागे जोडून ओढायचा. घरची गाडी मोठी होती, सात जणांची, उंच बांध्याची. ट्रेलर विकणाऱ्याने जावयांना सांगितले होते, “तुमची गाडी २,२७० किलो ओढते. हा ट्रेलर रिकामा १,७७० किलो. पाचशे किलो शिल्लक. आणखी काय पाहिजे?”

लेकीने तेव्हाच विचारले होते म्हणे, “पण भरल्यावर किती होईल?” त्यावर विकणारा हसला आणि जावई म्हणाले, “अगं, ओढते की!” विषय तिथेच संपला. आपल्या घरीसुद्धा गाडी, विमा, कर्ज असले विषय निघाले की असेच होते, नाही का? आपण एक साधा प्रश्न विचारतो आणि समोरून उत्तराऐवजी हसू येते.

जूनमध्ये निघायचे ठरले. जवळचाच रस्ता, दोन तासांचा. डोंगर ओलांडून पलीकडे डिलनच्या तळ्याकाठी दोन रात्री राहायचे. ट्रेलर भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मग काय विचारता! दहा किलोची कणीक, पाच किलो तांदूळ, डाळी, तेलाचा डबा, दोन कुकर, लोखंडी तवा, कढई, खलबत्तासुद्धा. दुधाच्या, पाण्याच्या, रसाच्या बाटल्यांच्या खोक्याच खोक्या. शिवाय ट्रेलरच्या पोटात पाण्याची टाकी असते, दीडशे लिटरची. “पाण्याची ददात नको बाई,” म्हणून मी ती काठोकाठ भरायला लावली. स्वयंपाकघर मागे, टाकीही मागच्या अंगाला. तेव्हा सगळे जड सामान मी नीट, रांगेने, मागच्या टोकाला लावले. पुढच्या पलंगाखाली ठेवल्या त्या रजया आणि उशा. इतके व्यवस्थित रचले होते की लेकीला बोलावून दाखवले!

निघताना मी म्हटले, “मी आपली ट्रेलरमध्येच पलंगावर पडते.” लेक म्हणाली, “आई, अजिबात नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही. पट्टा नाही, काही नाही.” तेव्हा मला तिचा जरा रागच आला. पुढच्या तीन तासांत तो राग कुठल्या कुठे गेला.

बोगद्याच्या पलीकडे

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग क्रमांक ७० म्हणजे डोंगरात चढत जाणारी एक लांबच लांब कमान. आपला बोरघाट चढून संपतो, हा संपतच नाही. दोन्ही बाजूंना पाइनचे रान, खाली खळाळणारा ओढा, मधूनच जुन्या खाणींची गावे. असे चढत चढत आपण आयझेनहॉवर बोगद्याशी येतो. ह्या बोगद्याचा पहिला मार्ग १९७३ साली खुला झाला, दुसरा १९७९ साली. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर, उंची सुमारे ३,४०० मीटर. आपल्या महाबळेश्वरच्या दुपटीहूनही जास्त!

ह्या बोगद्याच्या डोक्यावरून पाण्याची वाटणी होते. पूर्वेला पडलेले पाणी शेवटी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जाते, पश्चिमेला पडलेले कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात. आपल्याकडे महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे, तसेच. मी हे नातीला समजावून सांगत होते, पण गाडीच्या इंजिनाचा आवाज इतका वाढला होता की तिला ऐकूच जाईना.

जावई गप्प झाले होते. चढाला गाडी साठ किलोमीटरच्या वर जाईना. पातळ हवेत माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. साध्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटर उंचीला साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. बोगद्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेतच गेलेली असते. जाहिरातीतला आकडा मात्र तोच राहतो.

बोगदा संपला आणि उतार लागला. सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत बारा-तेरा किलोमीटर सलग, तोही शंभर मीटरला सात मीटरपर्यंत खाली जाणारा. बाजूला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीने भरलेल्या चढाच्या वाटा काढलेल्या. त्या पाहूनच पोटात गोळा आला. एवढ्यात एक लांबलचक मालट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या हवेचा झोत बसला आणि ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर खेपेला जास्त. कुत्रे शेपूट हलवते आणि शेपटाबरोबर कुत्रेच हलू लागते, तसे आमचे झाले. जावयांनी ब्रेक दाबला. ट्रेलर आणखीच जोरात झोकांडला. नात रडू लागली. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली.

तेवढ्यात लेक ओरडली, “ब्रेक सोड! हाताचा दाब!” गाडीत ट्रेलरच्या ब्रेकचा एक वेगळा खटका असतो. तो हाताने दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. जावयांनी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरले आणि खटका दाबला. एक झोकांडी, दुसरी झोकांडी आणि ट्रेलर रेषेत आला. सारे मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. मला ते अजून स्वप्नात दिसतात.

उलाळ गाडी

सिल्व्हरथॉर्नला थांबलो. कोणी कोणाशी बोलेना. आमचे हे मात्र खाली उतरून ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले, मागचे कपाट उघडून पाहिले आणि मला म्हणाले, “अगं, तू तर गाडी उलाळ केलीस!”

आम्ही दोघेही सांगली जिल्ह्यातले. माझ्या सासऱ्यांच्या दारात बैलगाडी होती. गाडी भरताना मागे भार जास्त झाला की ती ‘उलाळ’ होते. मागे कलते, पुढचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून सासरे भरलेल्या गाडीची धूर हाताने उचलून बघत. थोडा भार पुढे पाहिजे, पण बैलाला सोसवेल इतकाच. आणि ऊस भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरमागे कशी झुलते, ते साखर कारखान्याच्या रस्त्यावर राहणाऱ्या बायकांना मी काय सांगावे!

अमेरिकेतला ट्रेलर झाला म्हणून काय, नियम तोच. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जो भार गाडीच्या मागच्या हुकावर पडतो, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा तिथला दंडक. त्याहून कमी झाला की ट्रेलर झुलू लागतो. माझ्या नीटनेटक्या रचनेने तो भार कमी केला होता. मला रडू कोसळले. लेक म्हणाली, “आई, तुझी चूक कशी? तुला कोणी सांगितलं होतं का? आणि मी विचारलं तेव्हा मला तरी कोणी सांगितलं?” हे बोलताना ती जावयांकडे पाहत नव्हती. पण त्यांना ते पोचले.

तळ्याकाठी सावकाश गेलो. दोन दिवस राहिलो. निळे पाणी, पलीकडे बर्फाचे सुळके, रात्री मूठभर अंतरावर आल्यासारखे तारे. पण मन रमेना. परतताना टाकी रिकामी केली, कणीक-तांदूळ-कुकर पुढे हलवले आणि उजव्या बाजूने, दिवे लुकलुकत ठेवून, हळूहळू घरी आलो.

काट्यावरचा हिशेब

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, “आता अंदाज नको. वजन करू.” हमरस्त्यावर ट्रक थांबतात तिथे वजनकाटे असतात. थोडे पैसे दिले की कोणीही वजन करून घ्यावे. आम्ही मुद्दाम सगळे पहिल्यासारखे भरले, मागचे मागेच, टाकी काठोकाठ. आधी गाडी-ट्रेलर जोडून काट्यावर, मग गाडी एकटी. कारखान्यावर भरला ऊस आणि रिकामी गाडी, तसाच प्रकार. रात्री जेवणाच्या टेबलावर वही घेऊन मायलेकी हिशेबाला बसलो. हिशेब घरखर्चाच्या वहीहून काही अवघड नव्हता.

भरलेला ट्रेलर निघाला २,२०० किलोचा. म्हणजे रिकाम्यापेक्षा ४३० किलो जास्त! गाडीच्या २,२७० च्या आत, तेव्हा विकणारा तसा खोटे बोलला नव्हता. पण त्याने दुसरा आकडा सांगितलाच नव्हता. अमेरिकेत गाडीचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की आतल्या खांबावर एक चिकटपट्टी असते. माणसे आणि सामान मिळून इतक्या किलोपेक्षा जास्त नको, असे तिच्यावर लिहिलेले असते. आमच्या गाडीवर होते ५६० किलो. आणि ट्रेलरच्या दांडीचा भार ह्या ५६० मध्येच धरायचा असतो!

आता पाहा. आम्ही पाच जण मिळून ३०४ किलो. गाडीतल्या बॅगा, खुर्च्या, बर्फाची पेटी ७५. जोडणीचे लोखंड १५. झाले ३९४. दांडीचा भार निघाला १७६, म्हणजे ट्रेलरच्या जेमतेम आठ टक्के. एकूण ५७०. गाडी दहा किलोने जास्त भरलेली आणि तरीही ट्रेलर झुलणारा.

मग सामान पुढे हलवून दांडीचा भार १३ टक्क्यांवर आणला तर? ट्रेलर सरळ चालेल, पण भार होईल २८६ किलो आणि गाडीचा एकूण आकडा ६८०. मर्यादेपेक्षा १२० किलो जास्त! शिवाय हुकावर कोरलेली मर्यादा होती २२७ किलो, तीही ओलांडली. इकडे आड, तिकडे विहीर. मागे भरावे तर शेपूट हलते, पुढे भरावे तर गाडीचे बूड खाली बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग-ब्रेकची पकड कमी होते.

जावईबापू शेजारी उभे राहून पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे आपली गाडीच चुकली.” लेक म्हणाली, “गाडी चांगली आहे रे. ह्या कामाची नाही एवढंच.”

ह्यातले मर्म माझ्या ध्यानात आले ते असे. ओढण्याचा आकडा जवळजवळ रिकाम्या गाडीत एक-दोन माणसे धरून काढलेला असतो. संसार भरलेल्या गाडीचा तो आकडा नव्हे. आणि संसार कोण भरते? आपण! मग वजनाचा आकडा आपल्याला नको का ठाऊक?

गाडी पाहायला गेलो

तीन वाटा होत्या. ट्रेलर विकून लहान, हलका घ्यावा, पण त्यात न्हाणी-संडास नाही. सामान निम्मे करावे, पण पाच माणसांचे वजन कुठे कमी करणार? तिसरी वाट म्हणजे गाडी बदलावी. महिनाभर चर्चा झाली आणि तिसरे ठरले. जुनी गाडी विकून वापरलेली पिकअप घ्यायची. पिकअप म्हणजे पुढे दोन ओळी माणसांना आणि मागे उघडा हौदा.

मुलगी पाहायला जावे तसे आम्ही सगळे गाड्या पाहायला गेलो. पहिली गाडी काय दिमाखाची! कातडी बैठका, छताला भली मोठी काच, पायरीसुद्धा विजेवर बाहेर येणारी. लेकीने आधी दार उघडले आणि पट्टी वाचली. ५८० किलो! तिच्याच शेजारी त्याच जातीची दुसरी, साध्या कापडी बैठकांची, बिनकाचेच्या छताची. तिच्या पट्टीवर ७९० किलो. मला आश्चर्य वाटले. विचार केला तेव्हा उमगले. गाडीने एकूण किती भार सोसायचा ते कारखान्यात ठरलेले असते. दागदागिन्यांचे वजन त्यातूनच वजा होते. नटलेल्या गाडीला ओझे कमी पेलते! म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्यांचा आकडा एकच असेल असे धरू नये. दर गाडीचे दार उघडून वाचावे.

आमचा हिशेब मांडला. माणसे आणि सामान ३७९, नव्या जोडणीचे लोखंड ४०, दांडीचा भार २८६, एकूण ७०५ किलो. साध्या गाडीत ८५ किलो शिल्लक राहत होते. ती घेतली.

आणखी चार गोष्टी तिथे पाहिल्या. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जुन्या गाडीपेक्षा बरेच जास्त होते. हे अंतर लांब असले की ट्रेलरला गाडी हलवणे जड जाते. इंजिन टर्बोचे होते. ते हवा दाबून आत घेते, म्हणून उंचावर त्याची ताकद फारशी घटत नाही. गिअरचे तेल थंड ठेवण्याची सोय होती. आणि ट्रेलरच्या ब्रेकचा खटका चालकाच्या हाताशीच होता. बाजूचे आरसे लांब करून बसवले, कारण ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असतो आणि साध्या आरशात त्याच्या मागचे काही दिसत नाही.

जोडणीही बदलली. हिला दोन पोलादी दांडे असतात. ते दांडीचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवरही थोडा थोडा वाटतात, आणि त्यातल्या घर्षणाने ट्रेलरचे झुलणेही आवरते. पण ह्यामुळे दारावरचा आकडा काही वाढत नाही. पाठीवर ओझे नीट बांधले म्हणून माणसाची ताकद वाढत नाही, तसेच.

हे सगळे अमेरिकेचे. इंग्लंडमध्ये ट्रेलरची घडण निराळी असते. तिथे दांडीचा भार साधारण ५ ते ७ टक्के ठेवतात, आणि नवशिक्यांनी ट्रेलरचे भरलेले वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असा सल्ला देतात. तुमची मुले तिकडे असतील तर तिथलाच हिशेब धरावा.

पुन्हा तोच बोगदा

सप्टेंबरात पुन्हा निघालो. ह्या वेळी भरताना कुकर एकच, कणीक तीन किलो, खलबत्ता घरी. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे, तळाशी. टाकीत मोजके पाणी, बाकीचे मुक्कामी भरायचे. आदल्या दिवशी पुन्हा काट्यावर जाऊन आलो.

चढ तोच, बोगदाही तोच. बाहेर पडण्याआधीच जावयांनी गिअर खाली घेतला. ज्या गिअरवर घाट चढलो त्याच गिअरवर उतरायचा, हा आपल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम तिथेही लागू आहे. इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेक मधून मधून, थोडा थोडा. सतत दाबून ठेवला तर तापतो आणि मग लागतच नाही. एक मालट्रक ओलांडून गेला. मी डोळे मिटून घेतले. ट्रेलर जरासा थरथरला आणि सरळ चालत राहिला. मागून नात म्हणाली, “आजी, डोळे उघड, झाडं सोन्याची झालीत!” खरोखरच, अ‍ॅस्पेनची झाडे डोंगरभर पिवळीधमक झाली होती.

सिल्व्हरथॉर्न गेले, व्हेलची खिंड गेली आणि दुपारी ग्लेनवुडच्या अरुंद दरीत शिरलो. एका अंगाला उभे कडे, दुसऱ्या अंगाला कोलोरॅडो नदी, आणि रस्ता कुठे कड्याला चिकटून तर कुठे खांबांवर तोललेला. दरीतला हा रस्ता १९९२ साली पुरा झाला. पलीकडे ग्लेनवुड स्प्रिंग्ज गाव आणि गरम पाण्याचा मोठा तलाव. १८८८ सालापासून लोक तिथे डुंबायला येतात. आपल्या वज्रेश्वरीची आठवण झाली. माझे गुडघे त्या पाण्यात असे काही सैल झाले की काय सांगू! संध्याकाळी ट्रेलरमध्ये पिठले-भात केला. जावयांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाले, “आई, पुढच्या वेळी वही तुमच्याकडेच.”

एवढे लक्षात ठेवा

मुलांच्या फोनवर असा बेत कानावर आला, तर ह्या गोष्टी जरूर विचारा.

१. ट्रेलरचे रिकामे वजन विचारू नका, भरलेले विचारा. ठाऊक नसेल तर ट्रेलरवर लिहिलेले जास्तीत जास्त वजन धरून हिशेब करा.

२. गाडीच्या दारावरची पट्टी वाचा. माणसे, सामान, जोडणी आणि दांडीचा भार ही बेरीज तिच्या आत हवी. हुकावरची मर्यादा वेगळी पाहा. गाडी-ट्रेलर मिळून एकूण वजनाचीही मर्यादा असते, ती गाडीच्या पुस्तिकेत मिळते.

३. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी भरताना हे आठवा.

४. जड सामान तळाशी, चाकांजवळ, थोडे पुढे. मागच्या टोकाला हलके.

५. निघण्यापूर्वी काट्यावर वजन, टायरची हवा, दिवे आणि साखळ्या पाहा. साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावतात. म्हणजे जोडणी सुटलीच तर दांडी जमिनीवर न पडता त्यांच्यावर टेकते.

६. ट्रेलर झुलला तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. वेगावरचा पाय अलगद काढावा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हातखटका दाबावा.

७. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसू-झोपू नये. माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनीही नाही!

आणि ज्यांना अमेरिकेला जायचेच नाही, त्यांच्यासाठी एक. मे महिन्यात कोकणात जाताना आपण आठ माणसे, छपरावर बॅगा, मागे आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढतो-उतरतो. त्या गाडीच्या कागदांतही भाराचा एक आकडा असतो. पुढच्या खेपेला पेट्या ठेवण्याआधी तो पाहा. घरचे हसतील. हसू द्या. तुम्ही वही काढा.